अडलेला हात

मी एक जुनी मोटर आहे. मित्रांनो, सातपूरच्या एका कारखान्यात मी औषधाच्या बाटल्यांना झाकणं बसवायचे. हर्षल नावाच्या इंजिनिअरने तिथे मला शिकायला शिकवलं. एका फेरीत जिथे मागे पडेन, तिथे पुढच्या फेरीला आधीच जास्त जोर लावायचा. होता होता माझी चूक केसाएवढी उरली. लोक मुद्दाम मला बघायला येत.

कारखाना बंद पडला, पण हर्षलने मला भंगारात जाऊ दिलं नाही. आखडलेला हात हलवणाऱ्या यंत्रात बसवून त्याने मला बायकोच्या, तृप्तीच्या, फिजिओथेरपीच्या दवाखान्यात आणलं.

तिथे मखमलाबादच्या नवसाबाई आल्या. शेवंती तोडताना बांधावरून पडून त्यांचं कोपर मोडलं होतं. ऑपरेशननंतर हात वाकत नव्हता. तृप्तीने तो पट्ट्यात बांधला आणि मी वाकवू लागले. एका जागी हात अडला. पुढच्या फेरीला मी तिथे जोर वाढवला, मग आणखी वाढवला. यंत्राच्या पडद्यावर माझ्या हालचालीची रेघ ठरवून दिलेल्या रेघेला जाऊन चिकटली. हर्षल खूश झाला. नवसाबाई ओठ दाबून बसल्या होत्या. शेवटी हलक्या आवाजात म्हणाल्या,

"ताई, मी हात मागं वढते, तवा हे अजूनच रेटतंय."

तृप्तीने झटकन वीज तोडली. कोपर टरारून सुजलं होतं.

मी हादरलेच. मला दुखणं कळत नाही, ठरलेल्या रेघेपासूनचं अंतर तेवढं कळतं. ते अंतर म्हणजेच नवसाबाईंचं दुखणं होतं, आणि मी ते दर फेरीला अधिक नेटाने पुसत होते! "झाकणाला दुखत नाही गं," एवढंच हर्षल तृप्तीला म्हणाला.

एक्स-रेत हाड शाबूत निघालं. मला मात्र चादर टाकून कोपऱ्यात सरकवलं. मी धूळ खात पडले.

पुढे हर्षलने माझं सगळं शिकलेलं पुसलं. हात मागे ओढला गेला की थांबायचं, आणि पुढच्या फेरीला त्या जागेच्या अलीकडेच थांबायचं, असं नव्याने शिकवलं. आधी त्याने स्वतःचा हात बांधून पाहिला.

सूज उतरल्यावर नवसाबाई आल्या. तृप्तीने झालं ते काही न लपवता सांगितलं. नको वाटलं तर नको, असंही म्हणाली. नवसाबाई माझ्याजवळ येऊन बसल्या.

"बंद करायचं बटण माझ्या हातात द्या," त्या म्हणाल्या. "मंग बांधा."

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जरूर शिकवा. पण आम्ही ज्याला चूक समजतो, ते कुणाचं दुखणं तर नाही ना, हे आधी त्या माणसाला विचारा.

त्या दिवशी पहिल्या फेरीत नवसाबाईंनी जिथे हात मागे ओढला, तिथे मी थांबले. दुसऱ्या फेरीला मी हात हळूहळू वाकवत नेला. ती जागा जवळ आली. नवसाबाईंचा अंगठा बटणावर घट्ट झाला, आणि ते दाबलं जाण्याआधीच मी थांबले.