सहाव्या खुर्चीची वीण

रागनिलच्या आईला खुर्चीच्या खालच्या अंगाची घाणसुद्धा खपत नसे. दर नाताळाआधी ती जेवणाच्या सहाही खुर्च्या उलट्या पाडायची आणि तारेच्या घासणीनं सागवान खसाखसा घासून काढायची. असे चाळीस नाताळ झाले. त्यात कारखान्यानं डाग देऊन उमटवलेला शिक्का कधी नाहीसा झाला, कुणाला कळलंही नाही. त्या माउलीला तो मळच वाटला असणार. अशा स्वच्छ बायकांनी डेन्मार्कमधल्या आमच्या फोबोर गावात किती शिक्के पुसलेत, त्याची गणतीच नाही.

म्हणून थोरकिलला बोलावणं आलं. होर्स्टेडच्या खुर्च्यांच्या कारखान्यात काम केलेल्यांपैकी आता तो एकटाच उरला होता, वय वर्षं शहाऐंशी. शिक्का नसला की लिलाववाले त्याला गाडीत घालून घेऊन जात. तो खुर्ची उलटी करी, अंगठा फिरवी आणि 'आमची' किंवा 'आमची नाही' एवढंच म्हणे. वीस वर्षांत त्याचा शब्द कुणी खोडला नव्हता. याचा त्याला अभिमान होता, पण तो बोलून दाखवत नसे. होर्स्टेडकडे सवयच तशी लागायची. काम चोख करायचं आणि आपलं नाव मिरवायचं नाही.

"आधी कॉफी," रागनिल म्हणाली. ती निवृत्त शिक्षिका. मोठं घर विकून दोन खोल्यांत राहायला चालली होती. "उपाशी माणूस उगाच नाही म्हणतो."

"मी पोट भरल्यावरही नाही म्हणतो," थोरकिल म्हणाला आणि ब्रुन्सविगर केकचा दुसरा तुकडा उचलला.

लिलावघराची मालेना मात्र घाईत होती. मुंकेबियर नावाच्या आर्किटेक्टनं या खुर्च्यांचा आराखडा केला होता, पण शेजारच्या गावात त्यांच्या नकलाही ढीगभर झाल्या होत्या. सहाही अस्सल निघाल्या तर संच पुरा. एक जरी नकली निघाली तर संच मोडला.

"आणि जुन्या बैठका काढून टाकणार आम्ही," ती म्हणाली. "विणीची कागदी दोरी काळवंडलीय. गिऱ्हाइकाला कोरी वीण लागते."

थोरकिलनं पहिली खुर्ची उलटी केली. होर्स्टेड म्हातारा, जिथे कुणाची नजर जाणार नाही तिथली कडसुद्धा गोल करून घ्यायचा. स्क्रू झाकणाऱ्या लाकडी बुचाच्या रेषा पायाच्या रेषांशी जुळल्या नाहीत, तर ते काढून पुन्हा बसवायला लावायचा. त्यापायी थोरकिलनं किती शिव्या खाल्ल्या होत्या! अंगठा कडेवरून फिरला.

"आमची."

दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी, सगळ्या आमच्या. त्यानं सहावी उलटी केली, बैठकीच्या खालची वीण पाहिली आणि त्याचा अंगठा मध्येच थांबला.

दोरी संपली की नवी दोरी गाठ मारून जोडतात, ती खालच्या अंगाला. सगळ्या विणकरणींच्या गाठी उजवीकडे पडत. या डावीकडे होत्या, ओळीनं, घट्ट. सगळ्या फोबोरमध्ये डावखुरी विणकरीण एकच होती.

एकोणीसशे एकसष्ट साली तो सामानाच्या सायकलवर खुर्च्यांचे सांगाडे लादून विणकरणींच्या घरोघर पोचवायचा. त्यातली डावखुरी आस्ता आईच्या स्वयंपाकघरात रेडिओ लावून विणत बसायची, बोटाला चामड्याची पट्टी बांधून. "पुन्हा आलास? कालच्याच अजून झाल्या नाहीत," असं म्हणायची आणि हसायची. वाटेत तिचं घर शेवटी यावं म्हणून तो उलटा रस्ता धरायचा, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. पुढे त्यांचं लग्न झालं. तिनं शेकडो बैठका विणल्या, त्यातली एकही घरी राहिली नाही. होर्स्टेडची खुर्ची घेण्याची ऐपत होती कुणाची? त्यांच्या घरी होती रंगवलेली स्टुलं. तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि तिच्या हातचं काहीही त्याच्याकडे उरलं नव्हतं.

"ही वेगळी आहे का?" मालेनानं विचारलं.

"असेलही," रागनिल म्हणाली. "एक खुर्ची मोडली होती, तेव्हा बाबांनी कुठूनशी दुसरी आणली होती. नकली असली तर थोरकिल, तुम्हीच घेऊन जा ना घरी. मला तिथे ठेवायला जागा नाही."

एक शब्द बोलायचा होता. शिक्का नव्हता, विचारणारं कुणी नव्हतं. मग बैठक कापली जाणार नव्हती. रोज सकाळी खिडकीपाशी ती खुर्ची आणि तिच्यावर आस्ताची वीण. थोरकिलला हे फार फार हवं होतं.

पण म्हणायचं काय, तर 'आमची नाही'. आस्ताच्या गाठींवर हात ठेवून! ते त्याच्या जिभेवर येईना.

"आमची," तो म्हणाला. "सहाच्या सहा आमच्या."

मालेनानं सुटकेचा श्वास टाकला आणि भराभरा लिहून घेतलं. "आराखडा मुंकेबियर. बनवणारा होर्स्टेड. झालं."

"झालं नाही. विणणारी आस्ता, असं लिहा."

"विणणारीचा रकानाच नसतो हो. कोण आस्ता?"

"माझी बायको."

मालेनानं पेन खाली ठेवलं. मग ती हलकेच म्हणाली, "नाव लिहिलं की ती बैठक अस्सलात धरावी लागते. मग मला ती कापता येणार नाही. पाच कोऱ्या आणि एक जुनी, असा संच कोण घेईल?"

"तर मग सहाही जुन्याच ठेव," रागनिल शाळेतल्या आवाजात म्हणाली. "बाकीच्या पाचही कुणाच्या तरी बायकांनीच विणल्यात ना? भाव उतरला तर उतरू दे. रकाना नसेल तर आख एक, पट्टी देते मी तुला."

मालेनानं पट्टीनं रेघ आखली आणि नाव लिहिलं. थोरकिलनं खुर्ची सरळ केली आणि तिच्याशेजारी तसाच उभा राहिला.

"बसा की," रागनिल म्हणाली.

"गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसायचं नाही. होर्स्टेडचा नियम होता."

"म्हणजे तुम्ही कधीच बसला नाहीत? तिनं विणलेल्या एकाही खुर्चीवर?"

त्यानं 'नाही' अशी मान हलवली.

"अहो, बसण्यासाठीच विणली ना तिनं?"

तो बेतानं टेकला, मग सगळा भार टाकून बसला. दोरी जराशी करकरली, पण खचली नाही.

"केवढी घट्ट विणलीय," तो म्हणाला, आणि दोन परक्या बायकांसमोर, काहीही लाज न बाळगता रडू लागला.