काटकसरीने वापरावे

वकीलबाईंच्या हातात लाल पेन आलं की अख्खी नगरपालिका गप्प व्हायची. बाई पालिकेच्या कायदा अधिकारी, पण एवढं लांबलचक म्हणायला कोणाला सवड होती? शिपायापासून नगराध्यक्षांपर्यंत सगळे त्यांना वकीलबाईच म्हणत. पालिकेतून बाहेर जाणारा प्रत्येक कागद, मग तो मोकाट कुत्र्यांच्या बंदोबस्ताचा का असेना, त्यांच्या नजरेखालून जायचा. उद्या कोर्टात कुठला शब्द पालिकेच्या अंगाशी येईल, हे त्यांना बरोबर कळायचं. त्याचा त्यांना अभिमानही होता, उगाच खोटं कशाला बोला.

त्या सोमवारी पाणीखात्याचे इंजिनिअर घामाघूम होऊन त्यांच्या टेबलापाशी आले. नव्या वस्तीतल्या पाण्याचा नमुना खराब निघाला होता. पाइपलाइनचा सांधा कुठंतरी सुटला होता आणि शेजारच्या गटाराचं पाणी आत शिरत होतं. इंजिनिअरनी सूचना लिहूनच आणली होती. नव्या वस्तीतलं पाणी दूषित आहे, नागरिकांनी ते उकळूनच प्यावे.

"हे असं जाणार नाही," वकीलबाई म्हणाल्या.

"अहो बाई, पाणी जातंय ना घराघरांत!"

"शुक्रवारी कोर्टात तारीख आहे, विसरलात?"

इंजिनिअर विसरले नव्हते. लाइन टाकणाऱ्या ठेकेदारावर पालिकेनेच दावा लावला होता की काम कच्चं आहे. आणि तिकडे दावा चालू असताना, निवडणूक तोंडावर आली म्हणून नगराध्यक्षांनी त्याच कच्च्या लाइनीचं उद्घाटन करून, फोटो काढून पाणी सोडलं होतं. आता पाणी दूषित आहे असं पालिकेने लिहून दिलं, तर ठेकेदाराचा वकील एवढंच विचारणार होता की कच्ची आहे हे ठाऊक होतं, तर पाणी सोडलंत कशाला? मग काखा वर करायलाही जागा उरली नसती.

"दुसरा नमुना येऊ दे," बाई म्हणाल्या, आणि लाल पेन फिरलं. 'दूषित' गेलं. 'उकळूनच' गेलं. उरलं ते असं: तांत्रिक कामामुळे नव्या वस्तीतील नागरिकांनी पाणी काटकसरीने वापरावे.

इंजिनिअरनी ते वाचलं. "म्हणजे घाण प्या, पण जपून प्या. असंच ना?" ते म्हणाले आणि सही केली. नोकरी त्यांनाही होती.

ते गेल्यावर वकीलबाईंनी दार लोटून घेतलं आणि ताईला फोन लावला. थोरली बहीण नव्या वस्तीत, अगदी पुढच्या गल्लीत राहायची.

"ताई, पाणी चांगलं खळखळ उकळून घे. भाचरांना नळाचं तोंडाला लावू देऊ नकोस."

"का गं? काय झालं?"

"घे म्हणते ना मी."

कोणाला सांगू नकोस, असं मात्र त्यांच्या तोंडून निघेना. तसं म्हटलं असतं तर आपण काय करतोय ते स्वतःच्याच कानांनी ऐकावं लागलं असतं. त्यांनी फोन ठेवला आणि पुढची फाइल ओढली. मनाला बरं वाटलं होतं, हे त्यांना नंतर सगळ्यात जास्त लागलं.

बुधवारपर्यंत मागच्या गल्लीत घरोघरी माणसं आडवी झाली. दुसरा नमुनाही खराब निघाला. लोकांनी पालिकेचं दार अडवलं, तेव्हा नगराध्यक्षांनी गुरुवारी दुपारी सभागृहात सगळ्यांना बोलावलं. वर स्टेजवर नगराध्यक्ष, इंजिनिअर आणि वकीलबाई. खाली पाय ठेवायला जागा नव्हती.

"पालिकेने वेळीच सूचना दिली होती," नगराध्यक्ष माइकवर म्हणाले.

"काटकसरीने म्हणे!" कोणीतरी ओरडलं.

मागच्या गल्लीतली शिवणकाम करणारी एक बाई उभी राहिली. तिची सासू दवाखान्यात होती, सलाइनवर. आवाज न चढवता ती म्हणाली, "आम्ही केली हो काटकसर. हंडाभर भरून ठेवलं, बाकीच्यांनी कमी घेतलं आणि म्हातारीला पुरवून पुरवून तेच पाजलं."

सभागृहात एकदम कालवा झाला. नगराध्यक्षांनी हात वर केले. "अहो, अहवाल येईपर्यंत पालिकेलाच काही माहीत नव्हतं!" आणि त्यांनी सवयीने वकीलबाईंकडे पाहिलं. वकीलबाईंनी सवयीने मान डोलावली.

तेवढ्यात ताई उठली. धाकटी बहीण स्टेजवर बसलेली असताना लोक पालिकेला वाटेल ते बोलताहेत, हे तिला कसं सहन होणार?

"उगाच पालिकेच्या नावाने खडे फोडू नका!" ताई ठसक्यात म्हणाली. "ती वर बसलीय ना, ती माझी पाठची बहीण. सोमवारीच फोन केला तिने मला, पाणी उकळून घे म्हणून. मी आमच्या सगळ्या गल्लीला सांगून आले. विचारा, आमच्याकडे एक माणूस आजारी आहे का? इतकी काळजी कोण करतं हो?"

कौतुकाने तिने चहूकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना स्टेजकडे वळल्या होत्या. मग तिची नजर स्टेजवर बहिणीच्या तोंडाकडे गेली, आणि आपण काय बोलून बसलो ते तिला उमगलं. ती तशीच पदर सावरत खाली बसली.

धरणीने पोटात घ्यावं असं माणसं म्हणतात. वकीलबाईंना वाटलं, धरणीही आपल्याला घ्यायची नाही.

"बाई, सावरून घ्या काहीतरी," नगराध्यक्ष दातांतल्या दातांत म्हणाले.

सावरायला शब्द तयार होते. सदर संभाषण वैयक्तिक स्वरूपाचं होतं, हे वाक्य जिभेवर येऊनही बसलं होतं. पण समोर ती शिवणकामवाली अजून उभीच होती.

"सोमवारी माहीत होतं," वकीलबाई माइकवर म्हणाल्या. "यांनी उकळून प्या असं लिहिलं होतं. ते मी खोडलं."

मग जे व्हायचं ते झालं. शिव्या झाल्या, खुर्च्या झाल्या. ऊन उतरायच्या आत भोंगा लावलेली गाडी पाणी उकळून प्या म्हणून नव्या वस्तीत फिरू लागली. कोर्टात आता आपल्याला कोण वाचवतं ते बघू, असं म्हणून नगराध्यक्ष तरातरा निघून गेले. ताई दारापाशी घुटमळली, पण तिलाही जवळ यायचं सुचेना.

सभागृह रिकामं झाल्यावर शिवणकामवाली स्टेजपाशी आली. आता ही थोबाडीत मारणार, असंच वकीलबाईंना वाटलं. मारली असती तर बरं झालं असतं. पण तिने पिशवीतून मोबाइल काढला.

"तुमचा नंबर द्या."

"तक्रार करायची असेल तर मी स्वतः लिहून..."

"तक्रार नाही हो करायची. पुढच्या वेळी घरी फोन कराल ना, तेव्हा एक मलाही करा. मागच्या गल्लीला मी सांगेन."

वकीलबाईंनी नंबर सांगितला. त्यांचा फोन वाजला आणि थांबला. समोर तिचा नंबर आला.

"नाव काय लिहू?" त्यांनी विचारलं.

बाईने थोडा विचार केला.

"बहीण म्हणून लिहा," ती म्हणाली. "नाहीतर राहून जाईल तुमच्याकडून."

वकीलबाईंनी तसंच लिहिलं. ती बाहेर पडेपर्यंत त्यांना मान वर करवली नाही.