माईक चालू होता

माईकच्या मानेवरचा दिवा लाल होता, म्हणजे माईक चालू होता, आणि तरीही त्यातून काही येत नव्हतं — डाळिंबाच्या दाण्याएवढा तो दिवा, त्याच्या पलीकडे मंडळाच्या अध्यक्षांचे मिटलेले ओठ, आणि अलीकडे तिची पेन्सिल, कागदापासून केसभर वर थांबलेली.

गप्प बसणं लिहायचं नसतं. लघुलेखिका म्हणून नोकरीला लागली तेव्हा तिला शिकवलेली पहिली गोष्ट ती. बोललेलं उतरवायचं, न बोललेलं सोडायचं. कुणी नुसती मान हलवली की समितीचे सभापती म्हणतात, तोंडाने सांगा, मान कागदावर येत नाही. तेव्हा संसदेच्या समितीसमोर साक्षीला आलेला माणूस घाम पुसतो, आवंढा गिळतो, पेल्यावरची झाकणी उगीच सरळ करतो, त्यातलं काही म्हणता काही मागे उरत नाही. उरतो प्रश्न, आणि लगेच त्याच्या खाली उत्तर, जणू दोघांच्या मधे श्वास घ्यायलाही जागा नव्हती. इतकी वर्षं तिला हे बरंच वाटत आलं होतं. स्वच्छ काम. कानातून आलं, हातातून गेलं, मधे कुठे थांबलं नाही...

आज थांबलं होतं.

प्रश्न समितीतल्या एका म्हाताऱ्या सभासदांचा. बैठकीत ते बहुधा डुलकीतच असत. सरकारी पैशावर चालणाऱ्या मंडळांचा कारभार ही समिती तपासते, आणि आज शिकाऊ उमेदवारांच्या मंडळाचा दिवस होता. तरतूद, फेरतरतूद, उमेदवारांसाठीचा निधी नव्या इमारतीकडे कसा वळला — अध्यक्ष सगळ्याला गुळगुळीत उत्तरं देत होते, आणि म्हातारेबुवांनी एकदम डोळे उघडून म्हटलं, "ते इमारतीचं राहू द्या हो साहेब. तुमच्या भरवशावर जी पोरं काम शिकायला लागली, आणि आत्ता अर्ध्यात आहेत, त्यांचं शिकणं तुम्ही पुरं करणार की नाही? हो की नाही, एवढंच सांगा."

अर्ध्यात आहेत...

तिची लेक अर्ध्यात होती. एका मिस्त्रींच्या हाताखाली लिफ्ट दुरुस्त करायला शिकत होती. उमेदवारांना मिळतं ते विद्यावेतन अर्धं मिस्त्री देत, अर्धं हे मंडळ, आणि मंडळाचा वाटा गेले कित्येक महिने आलाच नव्हता. परवा मिस्त्री स्वतः घरी आले होते, बसा म्हटलं तरी बसले नाहीत, दारातच टोपी हातात फिरवत म्हणाले, "वहिनी, पोरगी सोन्यासारखी आहे. पण महिनाअखेरीच्या पुढे मला नाही झेपायचं. तुम्ही तर आतच असता तिथे. बघा, काय म्हणतात ते."

आत असते... आत भिंतीही असतात. टेबलंही असतात. समितीचे सभासद अर्धगोलात बसलेले, समोर साक्षीदार, त्यांच्यामागे त्यांचे अधिकारी, आणि मधल्या मोकळ्या जागेत तिचं एवढंसं टेबल — ज्याच्यावरून सगळ्यांची नजर पलीकडे जाते, कुणाचीही तिच्यावर थांबत नाही. आजचं हे काम तिने मागून घेतलं होतं. निदान कानावर तरी पडेल म्हणून. आता पडत होतं ते हे... काहीच नाही.

शाळा संपली आणि पोरगी मिटली होती. असं का, हे कुणाला सांगता आलं नाही, तिलाही नाही. खोलीचं दार लावून घ्यायची. बाहेरून हाक मारली, जेवायला चल गं, की आतून यायचं, "बरं." आणि येत नसे. ऊन पडलंय, जरा खाली जाऊन येऊ. "बरं." त्या एका शब्दाला तळच नव्हता, त्यात काहीही टाका, आवाज यायचा नाही. दोन वर्षं तिने त्या दाराशी कान लावून काढली — दिवसभर जगाचं बोलणं उतरवून घेणारी ही बाई, आणि स्वतःच्या घरात तिला उतरवून घ्यायला एक शब्द.

मग डॉक्टरांकडे न्यायला म्हणून कसंबसं बाहेर काढलं तर लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. आत पोरगी एकटी. आई कुलूप लावायला मागे राहिलेली. ती जिन्यात उभी राहून दाराच्या फटीतून हाका मारत होती आणि आतून काही येत नव्हतं, तेवढ्यात हे मिस्त्री आले, वर गेले, आणि हत्याराला हात घालायच्या आधी वाकून बोलायलाच लागले. "पोरी, दाराला हात लावू नकोस. मी इथेच आहे. लिफ्ट पडत नसते, बरं का. दोर तुटले तरी ती स्वतःच रूळ धरते घट्ट. फक्त मग मधेच राहते — वर नाही, खाली नाही. कुणीतरी यावं लागतं. तर मी आलोय. आता तू बोलत राहा, नाहीतर मला वाटायचं झोपलीस." आणि आतून... खरखरीत, गंज चढलेला, पण आवाज. "कोणते रूळ?"

कोणते रूळ. दोन वर्षांनी पहिला प्रश्न.

पाना-पक्कड नंतर, आधी आवाज, अशी त्या मिस्त्रींची शिकवण. अडकलेल्या माणसाशी बोलत राहायचं, ते गप्प झालं तर जास्त बोलायचं. पोरगी घरी त्याचा सराव करायची. "आई, तू अडकलेली बाई हो." आणि तिला न्हाणीघरात बसवून, बाहेरून दार लावून, "घाबरू नका, मी लिफ्टवाली आहे, तुमच्यासोबत आणखी कोण आहे?" आतून ती म्हणायची, "एक बादली आहे, आणि तीही घाबरलीय." बाहेर पोरगी हसायची. आत ती पालथ्या बादलीवर बसून तोंडात पदर धरायची, ऐकू जाऊ नये म्हणून...

दिवा लाल. अध्यक्षांनी मान किंचित मागे वळवली. मागे त्यांचे उपसंचालक होते, आणि उपसंचालकांनी, कॉलरला गळा घासावा इतकीच, मान डावीउजवीकडे हलवली. बाकी कुणाला दिसलं नसणार. ते फक्त तिच्या टेबलावरून दिसतं. मान कागदावर येत नाही. पण मी पाहिली. मी ती कुठे ठेवू?

खांद्याशी सावली पडली. दादा. दर दहा मिनिटांनी लिहिणारा बदलतो — एक उठतो, दुसरा त्याच खुर्चीत बसतो, वाक्य अर्धवट असलं तरी; पहिला बाहेर जाऊन आपलं तेवढं टाइप करतो. तिच्याहून वयाने मोठे असलेले दादा पेन्सिल घेऊन उभे होते आणि तिने उठायचं होतं.

ती उठली नाही.

उठायचं आहे हे तिला कळत होतं. दादा हलकेच खाकरले. अर्धगोलातलं एकेक डोकं वळलं आणि सभापतींची नजर तिच्यावर आली, आणि थांबली — आजवर कधी थांबली नव्हती. मग अध्यक्षांनीही पाहिलं. थकलेला, घाबरलेला माणूस होता तो. तिला वाटलं होतं, दुष्ट असेल. बोला ना, तिने डोळ्यांनी म्हटलं, नाही म्हणायचं तर नाही म्हणा, पण मी इथे असताना म्हणा... आणि तिच्या लक्षात आलं की आपण हात जोडलेत, पेन्सिल मधे धरून.

"ताई," दादा कानाशी कुजबुजले, "ऊठ."

ती उठली. दाराला आतून गादी मारलेली असते, आवाज आतबाहेर जाऊ नये म्हणून. ती बाहेर पडताना माईकमधून आलं, "सभापती महोदय, मी —" आणि दार मिटलं.

टायपिंगच्या खोलीत तिने आपलं तेवढं उतरवलं. शेवटची ओळ, हो की नाही, एवढंच सांगा. खाली कोरं. पडद्यावरची रेघ त्या शेवटच्या शब्दापुढे लुकलुकत राहिली. पुढचं तिच्या वाट्याचं नव्हतं.

दादा आले ते हसतच. "काय गं, खुर्चीला डिंक लावला होता का कुणी?"

"पाय झोपला होता."

"पाय झोपला होता की तू?"

"दादा... ते काय म्हणाले? माझ्यानंतरचं पहिलंच."

"कोण?" दादांच्या चेहऱ्यावर खरंच काही नव्हतं. "आपल्याला कधी आठवलंय का काही? थांब." त्यांनी आपलं पान डोळ्यांजवळ धरलं. "सभापती महोदय, मी... मग व्यत्यय." सगळे एकदम बोलायला लागले की लिहिणारे तो एकच शब्द लिहितात. "बराच वेळ व्यत्यय. मग सभापती — लेखी उत्तर पाठवा. अध्यक्ष — होय, यथावकाश पाठवतो. मग जेवणाची सुट्टी कधी, तेवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत." ते थांबले. "का गं?"

"काही नाही."

यथावकाश. महिनाअखेर यथावकाश येत नाही, ती नुसती येते.

फोन थरथरला. लेक.

"आई, झालं का? काय म्हणाले ते?"

मागे कसलीशी मोटर घुमत होती. कुठल्या तरी इमारतीच्या माळ्यावर असणार. सांगण्यासारखं होतं काय? व्यत्यय. लेखी. आणि एक मान, जी कुठेच लिहिलेली नाही. तिच्या तोंडून, वर्षानुवर्षं ज्याला त्याला सांगत आलेली, तीच ओळ निघाली. "आतलं बाहेर सांगता येत नाही, बाळा. माहितेय तुला."

"बरं."

तोच. तळ नसलेला. तिने टेबलाची कड धरली. बोल, लवकर बोल काहीतरी, तिने स्वतःला म्हटलं. दोघीही फोन ठेवत नव्हत्या. मोटर बंद झाल्याचा खटका ऐकू आला. मग लेकीचा श्वास. मग तोही नाही.

"आई?"

...

"आई, ऐकतेयस ना?"

मग आवाज आला तो वेगळा होता — सावकाश, खालच्या पट्टीतला, घाई नसलेला. न्हाणीघराच्या दारापलीकडून ऐकलेला.

"बरं, ऐक. मी इथेच आहे. नाही बोललीस तरी चालेल. उभी असलीस तर खाली बस. तुझ्यासोबत कोण आहे, बादली आहे का? ... नसू दे. मी बोलत राहते. मोटर बंद केलीय मी आत्ता. मिस्त्रीकाकांच्या डब्याचं झाकण अडकलंय, लिफ्टची दारं उघडणारा माणूस मघापासून त्याच्याशी झटतोय. मी म्हटलं, काका, आधी त्याच्याशी बोला..."

दारात दादा उभे होते, मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून. पुन्हा तिची पाळी आली होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग टेबलावरच्या आपल्या उजव्या हाताकडे. सवयीने बोटं पेन्सिल धरल्यासारखी जुळली होती, पण हलत नव्हती. शब्द कानातून आत येत होते आणि हातातून जात नव्हते, एकावर एक तसेच आत साचत होते — आणि पुढच्या महिन्यात हा आवाज कुठे असेल, ह्या माळ्यावर की खोलीच्या त्या बंद दारामागे, हे ज्याला विचारावं असं कुणीच नव्हतं.

"...आहेस ना, आई? असू दे. मी आहे."