बाहीवरच्या दोन खुणा

शिंपीणबाई ही गोष्ट सांगायला बसली की आधीच बजावते, "ऐका, पण विश्वास ठेवू नका. कोणीच ठेवत नाही." मग मशीनवरचा पाय थांबतो आणि जीभ सुटते.

सभागृहात त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. काठ्या, कुबड्या, वाकलेल्या पाठी आणि त्यांना धरून आणलेल्या लेकीसुना. मंचावर अस्थिगुरू. कपडे बगळ्यासारखे पांढरे, आवाज साखरेत घोळलेला.

"तुमची हाडं म्हणजे काच, आईसाहेब. काच कोणी नाचवतं का? काच कपाटात जपून ठेवतात."

समोरच्या म्हातारीला तो हात आडवा, ताठ धरायला सांगायचा आणि वरून दाबायचा. हात धपकन खाली. सभागृह हळहळायचं. मग तिच्या कमरेला तांब्याचा ‘अस्थिकवच’ पट्टा बांधून पुन्हा दाबायचा, पार दातओठ खाऊन. हात तसूभर हलायचा नाही. लोक टाळ्या पिटायचे, डोळे पुसायचे, पट्ट्यासाठी रांग लावायचे. पट्ट्याबरोबर आज्ञाही मिळायची: पलंग सोडायचा नाही, गोळ्या बंद, आणि व्यायाम म्हणजे विष.

शिंपीणबाईच्या थोरल्या बहिणीनं ही आज्ञा अडीच महिने पाळली होती. हाडं ठिसूळ झालीत असं इस्पितळात कळलं, तेव्हा तिथल्या व्यायामवाल्या बाईनं तिला खुर्चीतून उठबस शिकवली होती, ओट्याला धरून टाचा उचलायला लावल्या होत्या. थोरलीनं चार दिवस केलं. मग भाच्यानं पट्टा आणून दिला आणि ती आडवी झाली. उशाशी घंटी. घंटी वाजली की धाकटी, म्हणजे शिंपीणबाई, कात्री टाकून पाणी घेऊन धावायची. वाटायचं, आपण सेवा करतोय.

त्या सकाळी न्हाणीघरात न्यायला तिनं थोरलीला उभं केलं, तर तिचे गुडघे ओल्या फडक्यासारखे गळाले. धाकटीनं दाराची चौकट धरून कशीबशी तोलली. एक वीत पलीकडे गेली असती तर फरशीवर खुबा मोडला असता, आणि मग पलंग कायमचा. आपण बहिणीची सेवा करत नव्हतो, तिला जिवंतपणी पुरत होतो, हे तेव्हा धाकटीच्या डोक्यात लख्ख शिरलं. तळपायाची आग मस्तकात गेली. थोरलीजवळ शेजारणीला बसवून ती तशीच जाब विचारायला निघाली.

आता बघा, सगळं सभागृह गुरूच्या तोंडाकडे बघत होतं. शिंपीण तोंडं बघत नाही, बाह्या बघते. चाळीस वर्षांची खोड. तिला दिसलं, की पहिल्या वेळी चुण्या मनगटापाशी पडतात, आणि पट्टा बांधल्यावर कोपरापाशी. दुसऱ्या म्हातारीचं तेच. तिसरीचंही तेच.

खिशात आखणीचा पांढरा खडू होताच. तिनं तो तळहातावर चुरला आणि मंचावर चढली. भक्तिभावानं गुरूचा उजवा हात दोन्ही हातांत घट्ट धरून कपाळाला लावला. भक्ताचा हात झटकणार कसा? मग आपला गडद निळ्या बाहीचा हात तिनं आडवा धरला. गुरूनं दाबला, हात खाली. पट्टा बांधला, दाबला, हात जागच्या जागी. टाळ्या.

"थांबा," म्हणत तिनं गळ्यातली टेप काढली. बाहीवर दोन पांढरे पंजे उमटले होते, एक मनगटावर, एक कोपराखाली. "साडेसात इंच, गुरुजी. शक्ती पट्ट्यात आहे, तर हात का सरकला?"

गुरू म्हणाला, श्रद्धा नसली की असे प्रश्न पडतात.

"बरं. मग पट्टा राहू द्या, आणि आता मनगटावर दाबा." तो दाबेना. पहिल्या रांगेतल्या औषधवाल्यानं येऊन दाबलं. पट्टा असूनही हात धपकन खाली. तिनं पट्टा सोडून मंचावर आपटला आणि कोपराजवळ दाबायला लावलं. हात हलेना.

मग ती लोकांकडे वळली. "दार कडेला ढकललं की बोटानं उघडतं, बिजागरीपाशी ढकललं की घाम फुटतो. एवढाच याचा चमत्कार. आणि त्यापायी माझी बहीण उभी राहायची विसरली. हाडांना भार लागतो, पायांना काम लागतं. झोपवून ठेवलंत की हाडं आणखी झिजतात, पाय आणखी लुळे पडतात, आणि एरवी पडली नसती अशी बाईसुद्धा पडते. डोळ्यांनी बघा, हातानं करून बघा, प्रश्न विचारा. तुमच्या आया काचेच्या नाहीत."

रांग उलटी फिरली. गुरू मागच्या दारानं सटकला. दुकानात कोणी ऐकणारं असलं की शिंपीणबाई इथे थांबत नाही.

"आणि तिसऱ्या दिवशी," परवा ती एका गिऱ्हाईक बाईला सांगत होती, जिची आई हाडांच्या भीतीनं घराबाहेर पडत नाही, "तिसऱ्या दिवशी आमची ताई दोन जिने चढून गच्चीवर."

कोपऱ्यात बटणं लावत बसलेल्या थोरलीनं दोरा दातानं तोडला.

"खोटं बोलतेस, धाकटे. तिसऱ्या दिवशी मी खुर्चीतून दोनदा उठले, तेही टेबल धरून, आणि दोन्ही वेळा तुला शिव्या घातल्या. जिन्याला नऊ आठवडे लागले. आधी डॉक्टरांना विचारून, गोळ्या चालू ठेवून, पाठ सरळ ठेवून, कठडा धरून, रोज थोडं. यांच्या आईला तीन दिवसांचं सांगशील, तर तेवढ्यात जमलं नाही म्हणून चौथ्या दिवशी ती कुठला तरी पट्टा शोधायला जाईल."