शून्य पूर्णांक सहा

"मामा, रंग परत उडाला," चष्मेवाली म्हणाली.

पर्यावरण अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत तिच्या गटातली बाकीची तिघं खिडकीशी बसली होती. मागच्या वर्षीच्या जर्नलवरून आकडे उतरवून ती सगळी केव्हाच मोकळी झाली होती. ही एकटी नदीच्या पाण्याचा नमुना घेऊन तिसऱ्यांदा तोच प्रयोग करत होती. पाण्यात लाल रसायन टाकायचं. फ्लोराइड जितकं जास्त, तितका लाल रंग फिका पडतो आणि यंत्र त्याचा आकडा दाखवतं. प्रयोग एवढाच.

"कशाला जीव काढतेस स्वतःचा?" मामा म्हणाला. "लिही, शून्य पूर्णांक सहा. पिण्यास योग्य. बावीस वर्षं हेच उत्तर येतंय."

येतंय कसलं, त्यानंच चालवलं होतं. तो शिपाई म्हणून लागला तेव्हा यंत्र बंद होतं. कुणा पोरानं कुठूनसा हा आकडा पैदा केला आणि तो एका जर्नलातून दुसऱ्यात उतरत राहिला. पुढे यंत्र दुरुस्त झालं, पण तोवर आकडा सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता. मामाला तर असे सगळ्याच प्रयोगांचे आकडे तोंडपाठ. परीक्षा जवळ आली की भावी इंजिनियर त्याच्या मागेपुढे करत, आणि जेमतेम दहावी झालेल्या माणसाला ते आवडायचं. खोटं कशाला बोला?

"पण माझं पाच पूर्णांक दोन येतंय. तिन्ही वेळा. दीडच्या वर तर प्यायचंच नाही. नदीत इतकं कसं असेल, मामा? हे पाणी नदीचंच आहे ना?"

मामानं नमुन्याची बाटली पुसायला घेतली. नमुना आणायचं काम त्याचं. पण नदी पार गावाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून पहिल्याच वर्षी त्यानं कंटाळा केला. सकाळी निघताना घरासमोरच्या हातपंपावर बाटली भरायची आणि वर 'नदी' अशी चिठ्ठी डकवायची. पाणी ते पाणी, कोण विचारतंय?

"जास्त असलं तर काय होतं गं?"

"हाडांत साचतं," ती धडा म्हटल्यासारखी सांगू लागली. "आधी सांधे आखडतात. मग कंबर वाकते, मान धरते, हलतच नाही."

"औषध असेल ना काहीतरी?"

"नाही मामा. पाणी बदललं तर पुढे वाढायचं थांबतं. झालं ते जात नाही."

मामानं हातातली बाटली खाली ठेवली. त्याची बायको पंचेचाळिशीतच कमरेत वाकली होती. मान खाली गेली ती गेलीच. डॉक्टर झाले, शेकून झालं, शेवटी वात म्हणून दोघांनी हात टेकले. तो स्वतः दिवसभर कॉलेजातलं पाणी प्यायचा. ती घरात असायची आणि पंपाचं प्यायची.

तेवढ्यात सर जर्नलांवर सह्या करायला आले. "हे पाच पूर्णांक दोन काय? सगळ्यांचं एक आणि तुझं भलतंच? खोड ते. उद्या बाहेरचे परीक्षक येतायत."

तिनं मान खाली घालून पेन उघडलं.

"सर, तिचं बरोबर आहे," मामा म्हणाला. "ते पाणी माझ्या घरचं आहे. नदीवर मी कधी गेलोच नाही."

खिडकीशी कुणीतरी फिसकन हसलं. सरांचा चेहरा मात्र उतरला. ते दार लोटून आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मामा, बावीस वर्षांच्या जर्नलांवर सह्या आहेत. त्यातल्या नऊ वर्षांच्या माझ्या. हे कुठे बोलू नका." मग तिच्याकडे न बघताच म्हणाले, "लिही. शून्य पूर्णांक सहा."

तिनं लिहिलं. सरांनी सही केली. मामाला ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ओरडणार?

संध्याकाळी तो कॉलेजातल्या पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन घरी आला. बायको उंबऱ्याशी उभी होती. त्यानं पेला भरून दिला. बाजूला वाकून, तिरक्या तोंडानं ती कशीबशी प्यायली.

"शी, चवच नाही याला. आपलं पाणी किती गोड!"

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. बाटलीचं, चिठ्ठीचं, पाच पूर्णांक दोनचं. सांगताना त्याला रडू फुटलं. ती रागावली नाही, तेच त्याला सहन होईना.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "तुम्हाला तरी काय ठाऊक होतं? आता हे पाणी प्यायले की मान सरळ होईल ना माझी?"

"होईल," तो म्हणाला. "हळूहळू होईल."

तो खरं बोलतोय का हे बघायला तिनं मान वर करायचा प्रयत्न केला. नजर त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंत आली आणि तिथेच अडली. तो खाली बसला असता, तर तिला त्याचा चेहरा दिसला असता. तो उभाच राहिला.