टाकीवरचा देवदूत

करुणाला पुरून घरी आलो, त्या दुपारी ती मला एकशे बाराव्या पानावर सापडली. दवाखान्यात, नऊ नंबरच्या खाटेवर, भिंतीकडे तोंड करून झोपली होती. अंगावर आमच्या घरातली हिरव्या चौकटींची चादर होती. बोटात लग्नाची अंगठी.

मी बाइंडर आहे. पुस्तकं शिवतो. तरुण मुलामुलींसाठीची ही देवदूताची कादंबरी माझ्याकडे शिवायला आली होती. सोळा पानांचा एक फर्मा, असे तेरा फर्मे. मी शिवायचो आणि माझी बायको शेजारी बसून वाचून दाखवायची. गोष्टीतल्या गावात तापाची साथ येते. ती थांबवायला देवदूत उतरतो, पण पाण्याच्या टाकीवर त्याला एक मुलगी भेटते. ती मुलगी आली की करुणा पानं उलटायची.

"अहो, हा गाव वाचवणार का हिच्या वेण्यांत गुंतून मरणार? सोडा हा भाग. आपण तापाचं बघू."

सातवा फर्मा संपला आणि करुणाच तापानं गेली.

मलपृष्ठावर छापलं होतं, की शेवटी देवदूत दवाखान्याचं दार उघडतो आणि सगळे आजारी उठून आपापल्या घरी जातात. म्हणजे सहाच फर्मे राहिले होते. मी दोन ताटं घासून ठेवली.

आठव्या फर्म्यात देवदूत मुलीच्या डोळ्यांविषयी बोलला. नवव्यात तिनं त्याच्या पंखावर हात ठेवला. बाराव्यातही हात तिथंच होता. तेरावा संपला तरी दवाखान्याचं दार बंद. गठ्ठा उचलला तर खाली चौदावा निघाला. जेवून आलो तोवर गठ्ठा वाढत वाढत खिडकीपर्यंत पोचला होता. पुस्तक छापणाऱ्या वैजयंतीताईंना फोन केला.

"ताई, फर्मे तेराच ना?"

"तेराच. का हो साळवेमामा?"

"एकोणीस झालेत. देवदूत टाकीवरून उतरत नाही."

"असू द्या की. मुलं तेवढंच तर वाचतात."

"आणि दवाखाना?"

"कुठला दवाखाना?"

मी मलपृष्ठ पाहिलं. तिथं आता एक पंख होता आणि एक वेणी. अक्षर एकही नव्हतं.

मग मी शिवण उसवली. मधले फर्मे काढून टाकले आणि दवाखान्याच्या पानासमोर टाकीचं पान शिवलं. आता मध्ये फक्त घडी होती. देवदूतानं चार पावलं टाकली असती तरी दार आलं असतं. मी वाट पाहिली. तो उठला, पंख झटकले आणि मुलीला ऊन लागू नये म्हणून दुसऱ्या बाजूला बसला.

शेवटचा टाका मी सैल ठेवला होता. त्या फटीतून आत गेलो.

दवाखान्याच्या खिडकीतून पाहिलं, तर नऊ नंबरची खाट रिकामी होती. चादरीची घडी घातलेली. करुणा घालायची तशीच, कोपऱ्याला कोपरा.

मी टाकीची शिडी चढलो. देवदूताच्या पंखांना ओल्या कोंबडीसारखा वास येत होता. मुलगी वळली. करुणा होती. एकोणीस वर्षांची, दोन वेण्या घातलेली.

"करुणा, चल. घरी जायचंय."

तिनं त्याला विचारलं, "हे कोण?"

"माहीत नाही," देवदूत म्हणाला.

"काका, तुमचं कुणी आजारी आहे का?"

"माझी बायको. नऊ नंबर."

"मग हा भाग सोडा ना तुम्ही," ती म्हणाली. आवाज तोच, वाचून दाखवतानाचा. "तुम्ही तापाचं बघा." मग तिनं बोटातली अंगठी काढून माझ्या हातावर ठेवली. "आणि ही घेऊन जा. खालच्या कुणाची तरी असेल. मला ढिली होते."

देवदूत म्हणाला, "काका, जरा सरका. उजेड अडतोय."

मी उतरलो. दवाखान्याचं दार ढकललं. ते नुसतंच लोटलेलं होतं. खाटांवरचे सगळे एकदम उठून बसले. एका म्हातारीनं हात जोडले. मग त्यांनी माझ्या पाठीकडे पाहिलं, तिथं पंख नव्हते, आणि एकेक जण पुन्हा आडवा झाला.

नऊ नंबरवरची चादर मी उलगडली. ती अजून तापलेली होती. मागे कुणीतरी दोरा ओढून तो सैल टाका घट्ट केला.