अकरा वेळा ‘आय’

"पदाच्या रकान्यात काय टाकू, बाबा?"

"प्राध्यापक."

"खरं सांगा."

बाबांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "सतरा वर्षं पोरायले लॉ शिकवून राह्यलो. मग काय म्हणते त्याले?"

काय म्हणतात ते मला माहीत होतं. कॉलेजात त्यांना तासिकावाले म्हणतात. जूनमधे ऑर्डर, एप्रिलमधे घरी, पुन्हा जूनमधे अर्ज. एलएलएम आहे, नेट आहे, कायमच्या जागेसाठी दोन इंटरव्ह्यू झाले. दोन्ही वेळा माणूस आधीच ठरलेला होता. म्हणून "प्रोफेसरची पोरगी अन् दहावीत शाळा सोडली?" असं कोणी म्हटलं, की माझं डोकं फिरतं. शिकून काय होतं ते मी घरीच पाहते.

मी ‘प्राध्यापक’ टाकलं.

बाजूला यामिनी बसली होती, बाबांची विद्यार्थिनी, कारंज्याची. तिला इंग्लंडात एलएलएमला अर्ज करायचा होता अन् आज शेवटचा दिवस. शिकवणाऱ्या सरांचं शिफारसपत्र पाहिजे होतं. बाबांचा जीमेल टाकला तर लाल अक्षरं आली. कॉलेजचाच ईमेल चालेल म्हणे.

"मग कॉलेजचा द्या ना सर," यामिनी म्हणाली.

बाबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "चला, ऑफिसात पाहू."

पिपरीच्या आमच्या घरून तिघं एकाच स्कुटीवर कॉलेजात गेलो. ऑफिसातल्या हरिदासबाबूनं मानही वर केली नाही.

"आयडी परमनंटवाल्यायलेच भेटते, सर."

"आजच्यापुरता काढून दे ना, हरिदास."

"मी कोण काढून देणारा? सायबाले विचारा."

प्रिन्सिपॉल बबनराव साहेब चहा पीत होते. "एवढंच? माझ्या आयडीवर मागव लिंक. तू लिहून दे नरहर, मी पाठवून देतो. कोणती पोरगी?"

यामिनी त्यांच्या समोरच उभी होती.

"तीन वर्षं इथंच शिकली ना तू? यायले तर माहीतच नाई," मी तिला म्हटलं, ऐकू जाईल असं.

"वेदू." बाबा एवढंच बोलले.

साहेब हसले. "हेच काय ते शाळा सोडलेलं रत्न?"

"हो. रत्न टायपिंग करते. बसू काय खुर्चीवर?"

बाबा उभ्यानं इंग्रजीत सांगत गेले. "आय हॅव टॉट हर फॉर थ्री इयर्स."

माझी बोटं थांबली. "पण शिकवलं तर तुम्ही."

"लिही."

लिहिलं. ती सकाळच्या एसटीनं यायची, एकही तास चुकवला नाही. एका निकालात न्यायाधीशांचंच चुकलं, असं तिनं वर्गात उभं राहून सांगितलं होतं. "आय वेन्ट होम अँड रेड इट अगेन. शी वॉज राईट." तो दिवस मला आठवतो. बाबा ताटावर पुस्तक घेऊन बसले होते अन् आईनं वरण दोनदा गरम केलं होतं. पानभर पत्रात ‘आय’ अकरा वेळा आला. एकही बाबांचा नव्हता.

साहेबांनी वाचलं. "हुशार दिसते पोरगी," म्हणाले अन् पाठवून दिलं.

जिन्यात यामिनी बाबांच्या पाया पडायला वाकली. डोळे भरले होते तिचे.

"सर, हे बरोबर नाई ना पण."

"अर्ज गेला ना तुझा? बस. तिकडून कोणी विचारलं, कोणं शिकवलं, तर साहेबांचंच नाव सांगजो. माझं घेशील तर गडबड होईन."

तिनं डोळे पुसले. मग खालच्या आवाजात म्हणाली, "सर, त्यांचं पूर्ण नाव काय आहे?"

बाबांनी तिची फाईल घेतली, कठड्यावर टेकवली अन् मागच्या बाजूला साहेबांचं नाव इंग्रजीत लिहून दिलं, वडिलांच्या नावासकट. स्पेलिंग चुकू नये म्हणून एकेक अक्षर सुटं.